‘धार’ आणि ‘धार’: एका कवितासंग्रहातल्या यमकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातलं एक छोटं कवितामंडळ अधूनमधून जिल्ह्यातल्या कवींचा एकत्रित संग्रह काढतं. पैसे वर्गणीचे, छपाई गावातलीच. निवड समितीत चौघं. गझल शिकवणारे एक सर, संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका (त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात), फ्रेंचच्या शिकवण्या घेणारा एक तरुण आणि निमंत्रक म्हणून मी. माणसांची आणि मंडळाची नावं इथं गाळली आहेत. ओळी मात्र कवयित्रीला विचारून जशाच्या तशा दिल्या आहेत.

कविता मागवताना पत्रकात एक वाक्य होतं: ‘यमक निर्दोष असावे, यमकासाठी तोच शब्द पुन्हा वापरू नये.’ आधीच्या एका संग्रहात ‘मन’ला ‘मन’ आणि ‘जीवन’ला ‘जीवन’ जुळवलेल्या कवितांचा पूर आला होता, त्यावरचा हा उतारा. वाक्य लिहिताना कुणी फारसा विचार केला नव्हता. मराठीत यमक म्हणजे शेवट जुळणं, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात होतं.

शिरोळ तालुक्यातल्या एका कवयित्रीची कविता आली. माहेर नदीपलीकडं, सासर अलीकडं, नोकरी पतसंस्थेत. विषय २०१९चा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी लागते, त्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला. त्या दिवसांची ही कविता. सोळा आणि अकरा मात्रांची चाल, दोन दोन ओळींची कडवी. त्यातली चार अशी:

पहाट होता गंगावेशी तांब्यामध्ये धार
ऊसतोडिला निघे कोयता, दगडावरती धार

पंचगंगेत बुडून गेली माहेराची वाट
आई दारी बसून पाही अजुनी माझी वाट

बँकेपुढती पसरत राही दुबळा माझा हात
कुणी न येथे देतो आहे बुडणाऱ्याला हात

डोळ्यांमध्ये साठत गेला ओसरलेला पूर
गाडीमधुनी मागे वळुनी दिसले कोल्हापूर

गंगावेशीचा दूधकट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: तिथं म्हैस समोर उभी असते आणि गिऱ्हाईकाच्या पुढ्यात धार काढून ते कोमट, फेसाळ दूध तिथल्या तिथं प्यायला देतात. पहिली ओळ ऐकताना कोल्हापूरकराच्या कानात तो आवाज वाजतोच.

अडचण

कविता वाचून झाल्याबरोबर सरांनी कागद बाजूला ठेवला. “दोन्हीकडं ‘धार’. पत्रकात काय लिहिलंय आपण? तोच शब्द नको. संपलं.”

बाई म्हणाल्या, “शब्द तोच नाही हो सर. एक दुधाची, एक कोयत्याची.”

“ते अर्थाचं झालं. कानाला काय ऐकू येतं? शेर म्हणून बघितलं तर हा रदीफ झाला. मग काफिया दाखवा मला. सगळेच मतले, आणि तेही बिनकाफियाचे!”

सरांचा मुद्दा हलका नव्हता. गझलेतल्या दोन ओळींच्या शेरात ओळीच्या शेवटी जसाच्या तसा परत येणारा शब्द रदीफ असतो आणि जुळायचं ते त्याच्या आधीच्या काफियानं. मतला म्हणजे गझलेचा पहिला शेर, त्याच्या दोन्ही ओळी अशा जुळाव्या लागतात. सुरेश भटांच्या ‘गझलेची बाराखडी’वर वाढलेल्या पिढीला हे अंगवळणी पडलेलं आहे. ‘गंगावेशी तांब्यामध्ये’ आणि ‘कोयता, दगडावरती’ यांत जुळणारं काही नाही. म्हणजे त्या हिशेबानं यमकाची जागा मोकळीच राहिली.

बाईंचा हिशेब वेगळ्या वहीतला होता. संस्कृत अलंकारशास्त्रात यमक म्हणजे नुसता शेवट जुळणं नव्हे. स्वर-व्यंजनांचा तोच समूह त्याच क्रमानं परत यायचा आणि अर्थ असेल तर तो वेगळा असायचा. ‘साहित्यदर्पणा’तली व्याख्या त्यांना पाठ होती, ती त्यांनी म्हणून दाखवली. त्या व्याख्येनं ‘धार–धार’ हेच खरं यमक, आणि आम्ही एरवी ज्याला यमक म्हणतो ते बहुतेक सगळं अंत्यानुप्रासात जमा. बाईंनी आणखी एक खुंटी ठोकली: “मोरोपंत पन्हाळ्यावर जन्मले, इथून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या आर्या काढून बघा, आणि मग ह्या पोरीला नापास करा.”

म्हणजे एकाच ओळीला एका परंपरेत दोष म्हणत होते आणि दुसरीत अलंकार. पत्रकातलं वाक्य दोघांच्याही बाजूनं वाचता येत होतं.

वाद नेमका कशाचा

बैठक तिथंच मोडली, आणि ते बरंच झालं. पुढच्या वेळी फ्रेंचवाला तरुण वही भरून घेऊन आला. त्यानं मांडलं त्यातलं महत्त्वाचं इथं देतो, कारण निर्णय पुढं त्याच्याच आधारानं झाला.

फ्रेंचमध्ये यमकाची श्रीमंती मोजतात. एकच ध्वनी जुळला तर गरीब, दोन जुळले तर पुरेसं, तीन किंवा जास्त जुळले तर श्रीमंत. श्रीमंत यमकात शेवटच्या स्वराच्या आधीचं व्यंजनही जुळतं. त्याला ते टेकू देणारं व्यंजन म्हणतात. हा सोस कुठून आला? फ्रेंचमध्ये क्रियापदांच्या रूपांचा ‘ए’ असा शेवट ढिगानं मिळतो. नुसत्या ‘ए’ला ‘ए’ जोडणं हे काम कुणीही करेल, म्हणून तिथं टेकूचं व्यंजन मागायची रीत पडली. थिओदोर द बांव्हिल या कवीनं १८७२च्या आपल्या पद्यशास्त्राच्या पुस्तकात तर टेकूच्या व्यंजनावाचून यमकच नाही, इथपर्यंत मजल मारली. आणि दोनच वर्षांनी, १८७४ साली, पॉल व्हर्लेननं कवितेच्या कलेवरच कविता लिहून यमकाला पोकळ वाजणारा दमडीचा दागिना ठरवलं. श्रीमंतीचा अतिरेक झाला की असं कुणीतरी उठतंच.

इंग्रजीत चक्र उलटं फिरलं. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसरनं ‘कँटरबरी टेल्स’च्या सुरुवातीलाच ‘शोधणं’ आणि ‘आजारी’ या अर्थांचे, तेव्हा एकसारखे उच्चारले जाणारे दोन शब्द यमकाला लावले. त्या काळी ती हुशारी होती. पुढं इंग्रजी कानाला स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळंच हवं असं वाटू लागलं आणि असं यमक तिथं उणं मानलं गेलं. इंग्रजीला प्रत्ययांचे शेवट फुकट मिळत नाहीत, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं. मुळातच टंचाई असली की आणखी कडक अट कोण घालून घेईल?

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडली ती तुर्की. तिथं यमकाचे अर्धं, पूर्ण, श्रीमंत असे प्रकार आहेतच, शिवाय एकाच उच्चाराच्या भिन्नार्थी शब्दांच्या यमकाला वेगळं नाव आहे. पण पहिली पायरी अशी, की दोन्ही ओळींच्या शेवटी एकाच कामाचा प्रत्यय असेल तर तो रदीफ धरायचा आणि यमक त्याच्या मागं शोधायचं. तुर्की आपल्यासारखीच प्रत्ययांची भाषा. आता हे मराठीला लावून बघा. ‘येतो–करतो’, ‘घराला–मनाला’, ‘जाणे–बोलणे’. प्रत्यय बाजूला काढा. काय जुळतं?

आम्ही तोवर मंजूर केलेल्या कवितांचा गठ्ठा काढला. बऱ्याच कविता नुसत्या ‘तो’, ‘ला’ आणि ‘ते’वर उभ्या होत्या. त्यांवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. सर गप्प झाले, कारण हे त्यांच्याच घरातलं शास्त्र निघालं. उर्दूत नुसता प्रत्यय काफिया म्हणून परत आणला तर त्याला ईता म्हणतात आणि तो दोष आहे. अरबीतही ईता हा शब्द यमकाच्या शब्दाच्या पुनरावृत्तीसाठी आहे, पण तोच शब्द त्याच अर्थानं आला तरच. अर्थ बदलला की दोष उरत नाही. म्हणजे सर ज्या परंपरेचा हवाला देत होते तिच्या मुळाशी ‘धार–धार’ला परवानगी होती, आणि ज्या ‘येतो–करतो’ला आम्ही डोळे झाकून पास केलं होतं त्याला नव्हती.

शिवाय ही गझल नव्हतीच. प्रत्येक दोन ओळींचं यमक स्वतंत्र. फारसी चौकटीतच बसवायची तर ती मसनवीच्या जवळ जाते. हे आधी लक्षात यायला हवं होतं. ज्या राजाराम कॉलेजात माधव जूलियन फारसी शिकवत होते आणि ज्या गावात राहून त्यांनी मराठी गझलेची आणि छंदांची एवढी उस्तवार केली, तिथं बसून आम्ही दोन ओळी दिसल्या की शेर म्हणत होतो.

कोणते मार्ग होते

कविता परत पाठवायची, हा पहिला. पत्रकाच्या अक्षराला धरून तो बरोबर दिसत होता, पण मग निम्मा गठ्ठाही परत करावा लागला असता.

दुसरा मार्ग बाईंचा: तशीच छापायची आणि खाली टीप द्यायची की हा शब्द या अर्थानं, तो त्या अर्थानं. मला ही सूचना अजिबात पटली नाही. यमक टीप देऊन समजावावं लागत असेल तर ते जमलेलंच नाही.

तिसरा मार्ग, एकेका जोडीचा वेगळा विचार करायचा. वेळ खाणारा, पण तोच घेतला.

जोड्यांवरचे निर्णय

‘धार’ लवकर सुटली. दुधाची आणि पात्याची, दोन वेगळ्या वस्तू. शिवाय पहाट आणि कोयता शेजारी आले की एका घरातला गोडवा आणि घाम एकाच उच्चारात बसतो. सरांनी हरकत नोंदवून मत दिलं नाही.

‘पूर–कोल्हापूर’वर सगळे खूश. फ्रेंचवाल्याच्या मते हे अगदी श्रीमंत यमक, कारण एक अख्खा शब्द दुसऱ्याच्या पोटात आहे आणि टेकूचं व्यंजनही तेच. गावाच्या नावातलं ‘पूर’ नगराचं. महापुरानंतर ते नाव ऐकताना दुसरा पूर आठवल्याशिवाय राहत नाही, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही.

खरी कसोटी ‘वाट’ आणि ‘हात’ यांची. सरांनी इथं नेमकं बोट ठेवलं. “वाट पाहणं म्हणजे रस्त्याकडंच बघत बसणं. दोन्ही वाटा एकच आहेत. आणि हात देणं म्हणजे मदत, पण देतो ते हातच ना? हे भिन्नार्थी कसं?”

बाई क्षणभर अडल्या. मग त्यांनी लाटानुप्रास काढला: शब्द तोच, अर्थही तोच, पण बोलण्याचा रोख वेगळा, असा एक अलंकार संस्कृतात मान्य आहे. फ्रेंचवाल्यानं जोड दिली ती ‘पा’ या शब्दाची. ‘पाऊल’ या अर्थाचा ‘पा’ आणि नकारातला ‘पा’ एकाच लॅटिन शब्दातून आले, तरी फ्रेंच कवी त्यांची सर्रास जोडी लावतात, कारण आजचा बोलणारा नकार देताना पावलाचा विचार करत नाही. आणि दान्तेनं तर ‘डिव्हाइन कॉमेडी’त ख्रिस्ताच्या नावाला दुसरा कोणताच शब्द जुळवला नाही, तिथलं यमक तीन ओळींचं, आणि हे नाव यमकाला आलं की तिन्ही ओळींत तेच. तिथं पुनरावृत्ती हीच भक्ती.

आमचा निकष मग असा ठरला: आज बोलणाऱ्याला दोन्ही अर्थ वेगळे वाटतात का? ‘वाट पाहणे’ म्हणताना रस्ता दिसत नाही, म्हणून वाट पास. ‘हात देणे’ म्हणताना हात दिसतो, म्हणून हात नापास. निकष कागदावर नेटका होता. पण कवितेला लावला की घोटाळा होतो. त्या द्विपदीत आई दारात बसून ज्या रस्त्याकडं बघते तोच पाण्याखाली गेलाय. म्हणजे तिथं दोन्ही वाटा पुन्हा एक होतात, आणि ती द्विपदी भिडते ती त्याचमुळं. निकष तिला पास करतो तो चुकीच्या कारणासाठी.

‘हात’साठी सरांनी दुरुस्ती सुचवली. दुसरी ओळ अशी: ‘चिखलामधुनी डोके काढी कुजका माझा भात’. हात–भात, साधं निर्दोष यमक. मात्रा बरोबर, पुराला धरून चित्रही. मी कवयित्रीला फोन लावून वाचून दाखवली.

त्या हसल्या. “सर, कुजलेला भात डोकं काढत न्हाई. तो आडवा पडतो, नि वास मारतो.”

मग त्यांनीच उसाचं सांगितलं. पाणी शेंड्याच्या वर गेलं की पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळ बसतो; ऊस बाहेरून उभा दिसतो, आतून कुजत येतो. पाणी उतरल्यावर लांबून बघणाऱ्याला वाटतं, रान वाचलं. पोंगा उपटून हातात येतो तेव्हा कळतं. त्यांच्या सासऱ्यांनी असंच एकेक करत बांधाच्या कडेची अख्खी सरी उपटून बघितली होती. “बँकेची ओळ काढा तुम्ही,” त्या म्हणाल्या, “मी दुसरं देते.” दुसऱ्या दिवशी हे आलं:

पोंग्यामध्ये चिखल बसूनी कुजला उभाच ऊस
मामा म्हणती, येत्या साली हवाच तो पाऊस

मामा म्हणजे सासरे. समितीत यावर चर्चाच झाली नाही. बाईंनी फक्त एवढं नोंदवलं, की ‘पाऊस’मधला ‘ऊस’ हा निरर्थक तुकडा आहे आणि यमकाच्या जुन्या व्याख्येत एका बाजूचा समूह निरर्थक असला तरी चालतो.

परिणाम

कविता टीप न देता छापली. प्रकाशनाच्या कार्यक्रमात कवयित्रीनं ती वाचली, आणि कागदावर न दिसलेली एक गोष्ट सभागृहात दिसली. ‘धार’ची दुसरी ओळ संपली तेव्हा लोक शांत, पुढची ओळ सुरू झाल्यावर मागून दाद आली. इंग्रजी, फ्रेंचमध्ये अशा जोड्यांचं स्पेलिंग बरेचदा वेगळं असतं, निदान वाचणाऱ्याला डोळ्यांची मदत मिळते. देवनागरीत तीही नाही. अर्थ फिरवायचं सगळं काम आधीच्या शब्दांना करावं लागतं, आणि ‘दगडावरती’ हा शब्द ते पुरेसं लवकर करत नाही. ‘कोल्हापूर’ला टाळी लगेच आली, ती काही अंशी गावाच्या नावाची. ‘ऊस–पाऊस’ला आधी शेतकरी हसले, मग बाकीचे.

जे प्रत्ययावर चालणारे कवी होते त्यांतल्या काहींना आम्ही कविता परत पाठवून सुधारायला सांगितलं. दोघं रागावले. एकानं फोनवर सुनावलं, की इतकी वर्षं चाललं ते आता कसं चालत नाही. त्याला उत्तर देणं अवघड होतं, कारण आमच्या आधीच्या संग्रहांत तसं खरोखरच चाललं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

कवयित्रीला पहिल्याच बैठकीआधी फोन करता आला असता. ज्या माणसानं शब्द निवडले त्याला ‘हे जाणूनबुजून आहे का’ एवढं विचारायला फार वेळ लागत नाही. ते होईपर्यंत आम्ही पॅरिस, बगदाद, इस्तंबूल सगळं फिरून आलो होतो.

कविता कोणत्या प्रकारातली आहे हे ठरवल्याशिवाय तिच्या यमकाचा न्याय करायला बसणं, हा समितीच्या पद्धतीतला दोष. गझलेचा नियम गझलेला, आर्येचा आर्येला. वामन पंडितांना लोक ‘यमक्या वामन’ म्हणत ते कौतुकानं आणि थोडं चिमटा काढूनही. त्यांच्या श्लोकांना कुणी काफिया मागितला नाही.

‘हात’ची द्विपदी गेली याचं मला अजून वाईट वाटतं. ‘ऊस’ची द्विपदी सरस आहे हे खरं, पण ती जास्तीची म्हणून घेता आली असती. पतसंस्थेत काउंटरच्या आत बसणारी बाई दुसऱ्या बँकेच्या दारात हात पसरते, ही गोष्ट त्या द्विपदीत होती, आणि ती आता संग्रहात नाही. कर्जासाठीचा हात आणि बुडत्याचा हात एकच आहे, हेच तर तिथं म्हणायचं होतं. तो एकपणा आम्ही दोष म्हणून मोजला.

पत्रकातलं वाक्य बदललं. आता ते असं आहे: ‘यमकाचा उच्चार एकच असल्यास अर्थ किंवा रोख वेगळा असावा, केवळ प्रत्यय जुळणे यमक मानले जाणार नाही.’ ‘रोख’ हा शब्द बाईंनी घालून घेतला. सरांनी सही केली, पण गझल विभागासाठी वेगळं वाक्य हवं असा आग्रह धरला आणि तो मान्य झाला.

नव्या पत्रकावर आलेली पहिलीच कविता अडचणीची निघाली. तीत ‘कर–कर’, ‘वर–वर’, ‘सर–सर’, ‘मान–मान’, ‘पान–पान’ अशा जोड्याच जोड्या आहेत. नियम अक्षरशः पाळलेला, आणि जोड्यांपलीकडं सांगण्यासारखं काही नाही. फ्रेंचवाला लगेच व्हर्लेनचा दमडीचा दागिना आठवून मोकळा झाला. बाईंना त्यातली मुंडावळ्या बांधलेला वर आणि देवीकडं मागितलेला वर ही एक द्विपदी ठेवावीशी वाटते. सर ती एकही ठेवायला तयार नाहीत. कवी वाचून दाखवायला येणार आहे, निर्णय त्यानंतर.